सेडेशन वाढवायला सगळे, कमी करायला कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा बेडच्या आयसीयूत तुम्ही सेडेशनचा, म्हणजे औषधाने पेशंटला गुंगीत ठेवण्याचा, प्रोटोकॉल आणलात, गुंगी किती खोल आहे हे मोजणाऱ्या रास स्कोअरचा तक्ता प्रत्येक बेडपाशी लावलात, रोज सकाळी सेडेशन थांबवायचं हेही लेखी ठरवलंत. सहा महिने झाले, तरी राउंडच्या वेळी व्हेंटिलेटरवरच्या निम्म्या पेशंटना हाक मारली तर पापणीसुद्धा हलत नाही. सिस्टर म्हणतात, जागं ठेवलं की श्वासाची ट्यूब ओढतील. रेसिडेंट म्हणतात, रात्री आवरत नाहीत. आणि आता मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध सोडून सरसकट डेक्समेडेटोमिडीन या दुसऱ्या औषधावर जावं का, असं तुम्ही विचारताय.

औषधाचं पुढे बोलते. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून अडचण औषधात दिसत नाही. ती पंपाच्या बटणात आहे. सेडेशन वाढवायचं काम तुमच्याकडे सगळेच करतात आणि कमी करायचं काम कोणाच्याच नावावर नाही.

रात्री दोनचा प्रसंग घ्या. पेशंट खोकतो, हाय प्रेशरचा अलार्म वाजतो. सिस्टर शेजारच्या बेडवर सक्शन करतेय. ती येते, मिडॅझोलामचा पंप तासाला ३ मिलीवरून ५ वर नेते आणि परत जाते. नुसता वेग वाढवला तर रक्तातली पातळी नव्या जागी स्थिरावायला कित्येक तास लागतात, त्यामुळे वीस मिनिटांनी पेशंट तसाच चुळबुळतोय. मग पंप ७ वर जातो. थोड्या वेळाने कफ सुटतो, खोकला थांबतो, पेशंट निजतो. सगळ्यांना वाटतं ७ ची मात्रा लागू पडली. त्या ७ चा खरा परिणाम सकाळी दिसतो, नेमका राउंडच्या वेळी, आणि तेव्हा हँडओव्हरमध्ये एकच वाक्य येतं: "रात्री खूप ॲजिटेटेड होता." हे ऐकल्यावर पंपाला हात लावायची कोणाची इच्छा होत नाही. दुसऱ्या रात्रीची सुरुवात ७ पासून होते.

तुमच्या गेल्या महिन्यातल्या पाच पेशंटचे चार्ट काढून पंपाचा वेग तासागणिक कागदावर मांडून बघा. मी आमच्या युनिटमध्ये हे पहिल्यांदा केलं तेव्हा वर जाणाऱ्या पायऱ्या बहुतेक रात्री अकरा ते पहाटे चारमधल्या होत्या. खाली येणारी पायरी मात्र जवळपास एकच होती, ट्यूब काढायच्या आदल्या दिवसाची. त्या कागदाने आमच्या टीमला जे पटवलं ते माझ्या चार लेक्चरांनी पटलं नव्हतं.

म्हणून पहिला बदल असा करा: अस्वस्थ पेशंटला आधी बोलस, म्हणजे एकदम दिलेली छोटी मात्रा, वेगाला हात नंतर. बोलसचा परिणाम काही मिनिटांत कळतो, म्हणजे दिलेलं पुरलं की नाही हे सिस्टर तिथेच उभी राहून बघू शकते. तासाभरात दुसऱ्यांदा बोलस लागला तरच वेग वाढवायचा, तोही थोडासा. आणि दुसरी अर्धी गोष्ट, जी तुमच्या प्रोटोकॉलमध्ये नसावी असा माझा अंदाज आहे: पेशंट लागोपाठ दोन तपासण्यांना ठरलेल्या पातळीपेक्षा खोल सापडला, तर सिस्टरने कोणालाही न विचारता वेग एक चतुर्थांशाने कमी करायचा. हे लेखी द्या, तुमच्या सहीने द्या. "कमी करू का?" असं रात्री तीनला रेसिडेंटला फोनवर विचारायची वेळ आली की उत्तर नेहमी "सकाळपर्यंत राहू दे" असंच येतं.

सिस्टरच्या हातात सेडेशन दिल्याने काय फरक पडतो हे जुनंच ज्ञान आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत ३२१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात सिस्टरनी प्रोटोकॉलप्रमाणे सेडेशन चालवलं तेव्हा व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ११७ तासांवरून सुमारे ५६ तासांवर आला. औषधं तीच होती, निर्णय घेणारी व्यक्ती बदलली होती.

आता रास. तक्ता भिंतीवर असणं आणि स्कोअर खरोखर काढला जाणं, यात मोठं अंतर असतं. मी नव्या स्टाफला बेडपाशी उभं करून हे शिकवते. आधी तीस सेकंद नुसतं बघायचं. शांत आणि जागा असेल तर शून्य. डोळे मिटलेले असतील तर नावाने हाक मारायची, "माझ्याकडे बघा" म्हणायचं आणि मनात आकडे मोजायचे. नजर दहापेक्षा जास्त आकडे टिकली तर उणे १, दहाच्या आत सुटली तर उणे २. नुसतीच हालचाल झाली, नजर मिळाली नाही, तर उणे ३. हाकेला काहीच नाही पण खांदा हलवल्यावर हालचाल झाली तर उणे ४, त्यालाही काही नाही तर उणे ५. चार्टवर बारा तास ओळीने "उणे २" लिहिलेलं दिसलं तर समजा की कोणी हाक मारलेली नाही. जिवंत माणसाचा स्कोअर बारा तास एकाच आकड्यावर राहत नाही.

आणि स्कोअरच्या शेजारी लक्ष्याचा रकाना असलाच पाहिजे. लक्ष्य नसेल तर उणे ४ हा आकडा कोणालाच खटकत नाही. राउंडला प्रत्येक बेडपाशी तीन गोष्टी मोठ्याने बोलल्या गेल्या पाहिजेत: आजचं लक्ष्य काय, आत्ता कुठे आहे, आणि खोल ठेवायचं असेल तर कशासाठी. बहुतेक पेशंटसाठी लक्ष्य शून्य ते उणे २ असतं. त्याहून खोल हवं असेल तर कारण लिहायचं, आणि ते कारण चोवीस तासांनी आपोआप संपलेलं धरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं तरच खोल सेडेशन पुढे चालू.

हा चोवीस तासांचा नियम मी एका पेशंटमुळे आणला. दुसऱ्या एका हॉस्पिटलमधून आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. गंभीर एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होणं) म्हणून त्यांना पालथं झोपवलं होतं, स्नायू शिथिल करणारं औषध दिलं होतं, त्यासाठी खोल सेडेशन. सगळं योग्यच. तीन दिवसांनी त्या सरळ झाल्या, शिथिलक थांबलं, ऑक्सिजन चाळीस टक्क्यांवर आला. सेडेशन मात्र आणखी सहा दिवस तसंच चालत राहिलं, कारण ते थांबवायला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे त्या जाग्या व्हायला चार दिवस लागले आणि पहिल्या आठवड्यात हात तोंडापर्यंत नेता येत नव्हता. स्नायूंची ती झीज आजाराइतकीच आमच्या पेशाच्या विसराळूपणाचीही होती.

खोल सेडेशनची खरी कारणं मोजकी आहेत: डोक्यातला दाब वाढलेला असणं, न थांबणारी फिट, स्नायूशिथिलक चालू असणं, गंभीर एआरडीएसमध्ये व्हेंटिलेटरशी अजिबात जुळत नसणं. शिथिलक चालू असताना तर सेडेशन कमी करायचा प्रयोग कोणीही करू नये. हलता न येणारा माणूस जागा असेल तर ते आपल्याला कळणारही नाही, आणि रास तिथे निरुपयोगी असतो. पण "व्हेंटिलेटरवर आहे" हे स्वतःच कारण म्हणून चालत नाही. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत श्वासनलिकेत ट्यूब घातलेल्या पेशंटना वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबून श्वास देत होते, आठवडेच्या आठवडे, आणि त्यातले कितीतरी पेशंट जागे असत. झोपवून ठेवायची सवय नंतरची. पेशंटचा श्वास ओळखता न येणाऱ्या यंत्रांनी ती लावली. यंत्रं कधीच सुधारली, सवय राहिली.

पहिल्या ४८ तासांकडे खास लक्ष द्या. ट्यूब घालताना दिलेल्या औषधाला जोडून पंपाने सतत जाणारं इन्फ्युजन सुरू होतं आणि "आज राहू दे, उद्या बघू" म्हणत दोन दिवस जातात. सुरुवातीचं हे खोल सेडेशन ट्यूब उशिरा निघण्याशी आणि जास्त मृत्यूंशी निगडित असल्याचं अनेक निरीक्षणांतून दिसलंय. आजारी माणूस जास्त खोल ठेवला जातो हा त्यातला एक भाग असेलच, पण वाट बघण्याने काही मिळतं असं मला एकदाही दिसलेलं नाही. इंट्युबेशननंतर तासाभरात लक्ष्य लिहिलं गेलं की नाही, एवढं तपासत चला.

रोज सकाळी थांबवण्याबद्दल. २००० मध्ये शिकागोच्या १२८ पेशंटच्या अभ्यासात रोज सेडेशन थांबवलेल्या गटात व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. २००८ मध्ये ३३६ पेशंटवर सेडेशन थांबवणं आणि स्वतः श्वास घ्यायची चाचणी यांची जोडी लावली, तर व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस वाढलेच, शिवाय वर्षभरातले मृत्यूही कमी झाले. मग २०१२ मध्ये ४२३ पेशंटच्या अभ्यासात जिथे सिस्टर आधीच हलकं सेडेशन राखत होत्या तिथे रोज थांबवण्याची भर घातली, तर काहीच फायदा झाला नाही. उलट औषध जास्त लागलं आणि सिस्टरचं काम वाढलं. मी यातून घेतलेला अर्थ असा की रोज थांबवणं ही खोलात गेलेल्या युनिटची दुरुस्ती आहे. दिवसभर कमी करत राहणारी माणसं असतील तर तिची गरज उरत नाही. तुमच्याकडे ती माणसं तयार व्हायची आहेत, म्हणून सध्या सकाळचं थांबवणं चालू ठेवा. पण त्याला श्वासाच्या चाचणीची जोड द्या. सेडेशन सात वाजता थांबलं आणि चाचणी घेणारा डॉक्टर अकराला आला, तर मधल्या चार तासांत पेशंट अस्वस्थ होतो, सेडेशन परत सुरू होतं आणि "थांबवून बघितलं, जमलं नाही" अशी नोंद पडते. घड्याळ जुळवा.

थांबवल्यावर पेशंट घाबरा झाला, श्वासाचा वेग पाच मिनिटांहून जास्त वेळ ३५ च्या वर राहिला, ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला, हृदयाची लय बिघडली, तर पुन्हा सुरू करा, पण आधीच्या निम्म्या मात्रेवर. ही निम्मी मात्रा फार वेळा विसरली जाते.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. पेशंट अस्वस्थ झाला की आपण "सेडेशन कमी पडलं" असं म्हणतो. अस्वस्थपणा ही तक्रार असते, ट्यूबमुळे तोंडाने सांगता न येणारी. साठीतले एक गृहस्थ, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरचा चौथा दिवस. रात्रीतून मिडॅझोलाम दोनदा वाढवलेलं, हात बेडला बांधलेले. मी पोचले तेव्हा ते गुडघे पोटाशी ओढत होते आणि उजवी टाच गादीवर घासत होते, एकसारखी. टाचेखालची चादर गोळा झाली होती. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक फुगवटा. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती. ती सोडवल्याबरोबर पिशवीत जवळजवळ नऊशे मिली लघवी उतरली. पाच मिनिटांत टाच थांबली आणि ते झोपले. चार्टवर चार तास लघवी कमी दिसत होती, आणि ते बघून आम्ही मधल्या काळात लघवी वाढवणारं फ्रुसेमाइडही दिलं होतं. "लघवीला होतंय का?" असं विचारलं असतं तर त्यांनी मान हलवली असती, इतके ते पहिल्या दिवशी जागे होते. आम्हीच त्यांना विचारण्यापलीकडे नेलं.

तेव्हापासून आमच्याकडे बोलस द्यायच्या आधी एक मिनिट बेडपाशी घालवायचा नियम आहे. ट्यूब कुठे आहे, कफ साठलाय का, व्हेंटिलेटर त्याला हवा तेवढा श्वास देतोय का, लघवी, पोट, ताप, साखर, हाताला बांधलेली पट्टी घट्ट आहे का. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुटल्याचा हा तिसरा दिवस तर नाही ना. आणि सगळ्यात आधी, दुखतंय का. मान हलवता येत असेल तर त्यालाच विचारा. नसेल तर चेहरा, शरीराच्या हालचाली, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं बघून वेदना मोजणारा सीपीओटी स्कोअर काढा. आठपैकी तीन किंवा जास्त आला तर आधी वेदनाशामक. बऱ्याच पेशंटना फेंटानिल या वेदनाशामकाचे छोटे बोलस आणि जोडीला पॅरासिटामॉल एवढ्यावर वेगळं सेडेटिव्ह लागतच नाही. व्हेंटिलेटरचं सेटिंग बदलून शांत झालेले पेशंट मी इतके पाहिलेत की रेसिडेंटला मी आधी ग्राफ बघायला लावते.

डेन्मार्कमध्ये तर सेडेशन अजिबात न देता फक्त मॉर्फिनच्या बोलसवर पेशंट सांभाळून बघितले. २०१० च्या १४० पेशंटच्या अभ्यासात फायदा दिसला, तोही प्रत्येक पेशंटला एक सिस्टर असताना. पुढे २०२० मध्ये ७०० पेशंटवर हलक्या सेडेशनशी तुलना केली तेव्हा मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून सिस्टर कमी असलेल्या युनिटने शून्य सेडेशनच्या मागे धावू नये असं माझं मत आहे. हलकं पुरेसं आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. मिडॅझोलामचं इन्फ्युजन कमी करणं हा चांगलाच निर्णय. शरीरात त्यापासून बनणारे सक्रिय घटक किडनी बिघडलेल्या पेशंटमध्ये साठतात आणि डेलिरियमचा, म्हणजे भान हरपून गोंधळण्याचा, धोका वाढतो. प्रोपोफॉल हे दुसरं सेडेटिव्ह लवकर उतरतं, त्याने रक्तदाब पडतो. दीर्घकाळ तासाला किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, ट्रायग्लिसराइड आणि लॅक्टेटवर नजर ठेवा, आणि त्यातल्या स्निग्धांशाचे मिलीमागे १.१ किलोकॅलरी आहाराच्या हिशेबात धरा. डेक्समेडेटोमिडीनवर पेशंट हाकेला उठतो ही मोठी सोय, पण नाडी मंदावते आणि खोल सेडेशन त्याने होत नाही. २०१९ च्या सुमारे ४,००० पेशंटच्या अभ्यासात ते पहिल्यापासून मुख्य औषध म्हणून वापरलं, तेव्हा ९० दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत २९.१ टक्केच राहिले आणि बहुतेकांना जोडीला दुसरं सेडेटिव्ह लागलं. ६५ आणि त्याखालच्या वयात त्याने मृत्यू वाढत असल्याचा संकेत मिळाल्याने तिथे जास्त सावध राहावं लागतं. तेव्हा सरसकट बदल करू नका. विनिंगच्या, म्हणजे व्हेंटिलेटर हळूहळू सोडवण्याच्या, वेळी अस्वस्थ होणाऱ्यांसाठी ते ठेवा. पंपावर वर जायचीच सवय राहिली तर तेही वरच जाईल.

आठवडाभर ओपिऑइड (फेंटानिल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) किंवा मिडॅझोलाम चाललेल्या पेशंटचं औषध मात्र एकदम तोडू नका. घाम, थरथर, वाढलेली नाडी दिसली तर ते विथड्रॉवल, म्हणजे सवयीचं औषध तुटल्याचा त्रास, असू शकतं, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवा.

जागा ठेवलेल्या पेशंटला जागेपणी काहीतरी हातात द्यावं लागतं, याचा विचार प्रोटोकॉल लिहिताना कोणी करत नाही. चष्मा, कानातलं यंत्र, पाटी-पेन्सिल, समोर दिसेल असं घड्याळ. दिवसा उजेड, रात्री अंधार, रात्रीची अंघोळ आणि एक्स-रे बंद. फिजिओथेरपिस्ट सेडेशन थांबलेल्या वेळेत आला पाहिजे. आणि घरचं माणूस जवळ बसू द्या. मुलीचा हात हातात असताना ट्यूबकडे हात जात नाही, हे तुमच्या सिस्टरना दोन दिवसांत दिसेल.

सुरुवात बारा बेडवर करू नका. दोन बेड घ्या, ज्यांना हे पटलंय अशा चार सिस्टर घ्या, आणि रोज फक्त दोनच आकडे लिहा: किती वेळा पेशंट लक्ष्याच्या आत होता, आणि कारण न लिहिता उणे ४ किंवा ५ वर किती तास गेले. आकडे सिस्टरच्या टेबलापाशी लावा, ऑफिसात नको.

कधीतरी एक पेशंट ट्यूब ओढून काढेल. २००८ च्या त्याच अभ्यासात सेडेशन थांबवलेल्या गटात १६ जणांनी स्वतः ट्यूब काढली, दुसऱ्या गटात ६ जणांनी. पण त्यातल्या पुन्हा ट्यूब घालावी लागलेल्यांची संख्या अनुक्रमे ५ आणि ३ होती. म्हणजे त्या १६ पैकी ११ जणांना तिची गरजच उरली नव्हती. ही आकडेवारी आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा. आणि तो दिवस येईल तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरला केबिनमध्ये बोलावू नका. बेडपाशी जा, तिच्याबरोबर उभ्या राहा आणि तीनच गोष्टी विचारा: दुखत होतं का, ट्यूब नीट बांधली होती का, आणि कालच काढता आली असती का? त्या सकाळी तुम्ही रागावलात, तर रात्री दोन वाजता पंप पुन्हा ७ वर जाईल.